तर्फे हजर

१

महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे दहा आणि छापखान्याच्या वरची खोली. तिकीट-संग्राहक मंडळाची सभा गेली पन्नास वर्षं याच वेळी आणि याच खोलीत भरत आली होती. खोलीत एक लांबट टेबल, भिंतीला काचेची तीन कपाटं आणि जिन्याकडे उघडणारं एकच दार. रविवारी खालची यंत्रं बंद असत, त्यामुळे जिन्यावर मांजर चढलं तरी वर ऐकू येई.

सभेत आधी हजेरी, मग बाकीचं. हा अध्यक्षांचा दंडक. अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणत आल्यामुळे की काय, स्वतःचं तोंड त्यांना फारसं मिटता येत नसे. हजेरी घ्यायची चिटणिसानं. तो टेबलाच्या अलीकडच्या टोकाला, दाराकडे पाठ करून बसे, कारण तिथेच खिडकीचा उजेड वहीवर पडे. समोरच्या टोकाला, दाराकडे तोंड करून, त्याची थोरली बहीण अक्का. तिची पर्स शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. मधल्या खुर्च्यांवर डॉक्टर, खालच्या छापखान्याचे मालक आणि भूगोलाच्या बाई. संपलं मंडळ! पाच डोकी, आणि कोरम आठाचा.

आता तुम्ही म्हणाल, पाचात आठ कसे बसवता? त्याची युक्ती संस्थापकांनी स्वतःच काढून ठेवली होती. खोली त्यांची. त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं की ज्या महिन्यात कोरम भरणार नाही, त्या महिन्यापासून खोली वारसांकडे जाईल. पण मंडळाच्या दुसऱ्याच वर्षी निम्मे सभासद नोकरीपायी परदेशी गेले. मग संस्थापकांनी नियम केला. परदेशस्थ सभासदाचं त्या महिन्याचं पत्र आलेलं असलं की तो हजर धरायचा. फक्त इथल्या एकानं त्याचा पालक व्हायचं आणि हजेरीत त्याचं नाव आलं की उभं राहून म्हणायचं, “तर्फे हजर.” एके काळी असे चौदा परदेशस्थ होते. त्यांच्या पत्रांची वाचनं चालली की सभा जेवणाच्या वेळेपर्यंत लांबायची.

आता तीन उरले होते. एक ग्रंथपालबाई, त्यांच्या पालक भूगोलाच्या बाई. एक दीपगृहवाले, त्यांचे पालक छापखानेवाले. आणि तिसरा दादा, म्हणजे चिटणिसाचा आणि अक्काचा सख्खा मोठा भाऊ. चाळीस वर्षांपूर्वी गेला तो पुन्हा आला नाही. पण पत्र चुकलं नाही एकही महिना.

दादाचं नाव आलं की अक्का टेबलाला धरून उठे, पदर सावरी आणि एखादं बक्षीस घ्यायला उठल्यासारखं म्हणे, “तर्फे हजर!” मग चिटणीस पत्र उघडून वाचायला लागे आणि अक्का डोळे मिटून ऐके.

यातली एकच गोष्ट चिटणिसाला माहीत होती आणि बाकी कुणालाही नाही. दादाला जाऊन तीन वर्षं होत आली होती.

२

तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र मंडळाच्याच पत्त्यावर आलं होतं, कारण दादानं जवळचा पत्ता म्हणून तोच दिलेला. त्या आठवड्यात अक्काच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, धक्का बसेल असं काही तिच्या कानावर जाता कामा नये. चिटणिसानं कागदांवर सह्या केल्या, तिकडच्यांनी तिकडचं सगळं उरकलं, आणि त्यानं ठरवलं, महिनाभर थांबू. महिना गेला. सभेला अक्का आली ती हातापायांच्या काड्या घेऊन, आणि आल्या आल्या तिनं विचारलं, “दादाचं आलं ना रे?”

“आलंय की,” तो म्हणाला.

झालं. एकदा जिभेवरून सुटलं ते सुटलं.

हात मात्र भारी होता हं त्याचा. दादानं मंडळासाठी पाठवलेली कोरी पाकिटं आणि तिकिटं, दादाचा कागद, सगळं कपाटात पडलेलं. अक्षर तर लहानपणी दादाच्याच गृहपाठाच्या वह्या लिहून बसलेलं. राहता राहिला टपालाचा शिक्का. तो त्यानं खोडरबर कोरून बनवला. कोरताना पातं जरासं निसटलं आणि शिक्क्याच्या बाहेरच्या वर्तुळाला खालच्या बाजूला एक खाच पडली. भिंगाशिवाय दिसणार नाही एवढीशी. शनिवारी तो पाकीट तयार करी, जिन्याखालच्या टपालपेटीत टाकी आणि रविवारी सगळ्यांसमोर किल्ली लावून स्वतःच काढी. ते पत्र कधी कुठल्या टपालात पडलंच नाही.

मग दीड वर्षापूर्वी बोटीवरचे इंजिनिअर, जुने परदेशस्थ सभासद, नजर गेल्यामुळे राजीनामा देऊन मोकळे झाले. आठाचे सात झाले. खोली जाणार म्हटल्यावर डॉक्टर दोन दिवस जेवले नाहीत. चिटणिसाचा हात तर आता सरावलेला. त्यानं एक नवा सभासद घडवला, अथपासून इतिपर्यंत खोटा. कुठल्याशा बेटावरच्या दीपगृहाचा राखणदार, एका पायानं अधू, काठी टेकत दोनशे पायऱ्या चढणारा. ‘माझ्या तीन पायांपैकी काठीच तेवढी कधी दुखत नाही,’ असं त्यानं पहिल्याच पत्रात लिहिलं आणि छापखानेवाले हसून हसून खोकले.

“काय गृहस्थ आहे राव! याचा पालक मी होणार. आधीच सांगून ठेवतो.”

चिटणिसाला खरं तर मजा यायला लागली होती. दादाची पत्रं लिहिताना मधेच पेन खाली ठेवावं लागे. दीपगृहवाल्याच्या बाबतीत तसलं काही नव्हतं, तो कुणी मेलेला नव्हताच.

मंडळाला पन्नास वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. तीत ‘परदेशस्थ सभासदांचा इतिहास’ हे प्रकरण चिटणिसाकडे. प्रत्येकाच्या मजकुराशेजारी एक चौकट, चौकटीत फोटो. ग्रंथपालबाईंचा होता, दादाचा होता. दीपगृहवाल्याचा कुठून आणणार?

“अहो, मागवा ना एखादा,” छापखानेवाले मागे लागले. “पान अडलंय माझं. नुसती रिकामी चौकट कशी छापू?”

चिटणिसानं दीपगृहवाल्याच्या नावानं लिहिलं की आपण कधी फोटो काढलेला नाही, चौकट तशीच जाऊ द्या. माणसाला पाय दिला, काठी दिली, पायऱ्या दिल्या. चेहरा द्यायचं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

३

त्या रविवारी पेटीत दादाची दोन पत्रं निघाली.

एक त्यानं आदल्या दिवशी टाकलेलं. दुसऱ्याकडे बघून त्याला वाटलं, आपणच मागे कधी तयार करून विसरलो असू. त्यानं ते पटकन खिशात घातलं, सभेत आपलं वाचलं, अक्कानं हजेरी दिली, चहा झाला. सगळे उतरून गेल्यावर तो खिडकीशी बसला आणि पाकीट फोडलं. आत चारच ओळी होत्या.

‘धाकट्या, मागच्या पत्रात तू लिहिलंस की मी अंगणात लिंबाचं झाड लावलंय. इथे अंगण नाही. गुडघा दुखतो म्हणून लिहिलंस, तोही दुखत नाही. अक्काला उगीच काळजी. जे नाही ते लिहू नकोस.’

चिटणिसानं त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग रागावला. हा छापखानेवाल्यांचा चावटपणा, दुसरं काय! त्यांना सुगावा लागला असणार. अक्षरं जुळवणं हा तर त्यांचा धंदाच. बरं वाटलं त्याला राग आल्यावर. त्यानं भिंग काढलं, दिवा ओढला आणि पाकिटाची रीतसर तपासणी सुरू केली. नकली माल ओळखण्यात त्याचा हात धरणारा मंडळात कुणी नव्हता.

तिकीट खरं होतं. त्याच्या कडेचे दाते मोजले, बरोबर भरले. शिक्का पाहिला. पोलादी ठशाचा, कागदात रुतलेला, कडा स्वच्छ. रबराची शाई कडेला पसरते, ही जराही पसरलेली नव्हती. खरा शिक्का, शंकाच नाही. आणि त्या खऱ्या शिक्क्याच्या बाहेरच्या वर्तुळाला, खालच्या बाजूला, एक खाच होती.

त्यानं खणातून आपलं खोडरबर काढलं. शेजारी धरलं. तीच जागा, तोच तिरपेपणा. सदतीस वर्षांत दादाची जेवढी खरी पत्रं आली त्यांपैकी एकावरही ती खाच नव्हती. असणार कशी? ती त्याच्या हाताची चूक होती.

सोमवारी सकाळी तो टपाल कार्यालयात गेला. पाकिटाच्या मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का होता, तो खिडकीतल्या कारकुनाला दाखवला.

“हा आमचाच,” कारकून म्हणाला. “शनिवारचा. परदेशी थैलीतून आलेलं दिसतंय. का, उशिरा पोचलं का?”

“नाही, नाही. वेळेवर पोचलं.”

“मग तक्रार काय आहे आजोबा?”

त्यानं पाकीट खिशात घातलं. मागे रांग चुळबुळायला लागली, तसा तो बाजूला झाला.

४

त्यानं पेटीचं कुलूप बदललं. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन पत्रं निघाली. दुसरं आणखी छोटं होतं. ‘आता लिंबू नाही लिहिलंस, ठीक केलंस. पण खिडकीतून समुद्र दिसतो म्हणालास. इथे खिडकी नाही रे.’

माणूस हुशार असला की स्वतःची समजूतही हुशारीनं घालतो. चिटणिसानं मनाशी म्हटलं, आपलं वय झालं. ही पत्रं आपणच लिहितो आणि विसरतो. झोपेत चालणारे असतात, तसे झोपेत लिहिणारेही असतील. शिक्क्याचं काय, थैलीचं काय, हे प्रश्न त्यानं बाजूला सारले. एकच ठरवलं, हे प्रकरण आता मिटवायचं.

पण त्याच सभेत, ते पत्र खिशात असतानाच, अक्का म्हणाली होती, “धाकट्या, पन्नास वर्षांची सभा येतेय. दादाला बोलाव ना. चाळीस वर्षं झाली. ये म्हणावं एकदा.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, “ठरावच मांडतो! परदेशस्थ सभासदांना मंडळाचं आग्रहाचं निमंत्रण!” छापखानेवाल्यांनी अनुमोदन दिलं, ठराव वहीत चढला. अक्का मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती नुसती चिटणिसाकडे बघत होती, आणि त्याला तिच्या नजरेला नजर देववेना.

त्याला त्यातून एक वाट दिसली. पुढच्या पत्रात दादा ‘येतो’ म्हणेल. त्याच्या पुढच्या महिन्यात बातमी येईल की तयारी करता करताच अचानक गेला, काही त्रास झाला नाही. निदान येण्याच्या आनंदात गेला, एवढं तरी समाधान अक्काला. भ्याड माणसाला असल्या वाटा बरोबर सापडतात. त्यानं लिहिलं, ‘अक्का, मी येतो. पन्नास वर्षांच्या सभेला नक्की.’ सभेत वाचून दाखवलं. अक्का उठून ‘तर्फे हजर’ म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज अगदीच बारीक आला.

पन्नास वर्षांची ती सभा चार दिवसांवर आली, त्या बुधवारी पोस्टमननं दोन पाकिटं आणून हातात दिली. पेटीबिटी नाही, थेट हातात. पहिलं दादाचं.

‘दर महिन्याला हजेरी लावता, आता निमंत्रणही आलं. यायलाच हवं. येतो.’

दुसरं दीपगृहवाल्याचं. चिटणिसानं ते फोडलं. अक्षर त्यानं स्वतः बनवलेलं, उजवीकडे कललेलं, मोठ्या वेलांट्यांचं. मजकूर मात्र त्याचा नव्हता.

‘निमंत्रण पोचले. आभारी आहे. इतिहासात माझ्या नावाशेजारी रिकामी चौकट आहे असे समजले. तिच्यात काय लावावे हे मला सांगता येत नाही. आपण कधी लिहिले नाही. सभेआधी कळवाल तर बरे होईल. नाहीतर जसा आहे तसाच येतो.’

५

त्याच दुपारी तो अक्काच्या घरी गेला. ती जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसली होती. त्यानं चप्पल काढली, समोरच्या खुर्चीवर बसला आणि बसल्या बसल्या रडायलाच लागला. पासष्टीचा माणूस, पण लहान पोरासारखा हुंदके देत होता.

“अक्का, दादा नाहीये. तीन वर्षं झाली. तुझं ऑपरेशन होतं तेव्हाच… मी तुला फसवलं. सगळी पत्रं मी लिहिली.”

अक्कानं हातातली शेंग खाली ठेवली.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली.

“काय?”

“त्याच्या शेजारणीचा फोन आला होता मला. तुझ्याही आधी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू हॉस्पिटलात आलास ना, तुझं तोंड बघूनच कळलं की हा काही मला सांगणार नाही. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. मग सभेत तू पत्र वाचलंस. दादाच्या जागी बसून लिहिलं होतंस वेड्या, दादासारखाच हसत होतास वाचताना. मला वाटलं, याला यातच आधार वाटतोय, तर मी कशाला तोडू? म्हणून आपली उठायची आणि हजर म्हणायची. तुझ्यासाठी म्हणत होते रे मी.”

“आणि मी तुझ्यासाठी लिहीत होतो.”

मग अक्काला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि हसता हसता अक्कानं पदरानं डोळे पुसले. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकत्र रडत होती दादासाठी. चिटणिसाला इतकं हलकं वाटलं की आपण कशाला आलो होतो हे क्षणभर तो विसरलाच.

“म्हणून तर म्हटलं मी, त्याला बोलाव,” अक्का म्हणाली. “म्हटलं, आता अडकेल आणि खरं सांगेल. मी वाट करून दिली तुला, तर तू आपला लिहितोस, येतो म्हणून! कमाल आहे हं तुझी.” मग तिनं पुन्हा शेंग हातात घेतली. “पण धाकट्या, माझ्या घरी पाठवलेलं ते पत्र तेवढं मला नाही आवडलं. सभेतलं ठीक होतं. असं का लिहिलंस?”

“कुठलं पत्र?”

ती उठली, बिस्किटांच्या डब्यातून एक पाकीट आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. तेच तिकीट, तोच शिक्का. त्याला भिंगाची गरज पडली नाही.

‘अक्का, तू हजर म्हणतेस तेव्हा इथे दार वाजतं. दर महिन्याला एकदा. आधी मी उठत नसे.’

“मी नाही लिहिलं हे,” चिटणीस म्हणाला.

अक्का त्याची चेष्टा समजून हसायला गेली, पण त्याचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. त्यानं खिशातली सगळी पत्रं काढून मटारांच्या सालांत मांडली. अंगण नाही, खिडकी नाही, यायलाच हवं. अक्कानं चष्मा लावून एकेक वाचलं.

“किती वेळा म्हटलं असेल मी?” तिनं विचारलं.

“पस्तीस.”

“पस्तीस वेळा आपण दोघांनी मिळून मेलेल्या माणसाला हजर म्हटलं.” तिनं चष्मा काढला. “अरे, तो कुठे निजला असेल तिथे निजू तरी दिलं का आपण त्याला?”

मग तिनंच सगळं ठरवलं. अक्का ती अक्काच! रविवारी हजेरीत दादाचं नाव आलं की ती उठेल आणि सरळ सांगेल, ‘सभासद वारले.’ वहीत तशी नोंद होईल, नाव कमी होईल. कोरम मोडेल, खोली जाईल तर जाऊ दे. “आणि तो तुझा दीपगृहवाला? त्याचंही नाव काढ त्याच दिवशी.”

“काढतो,” तो म्हणाला. त्या पत्राबद्दल मात्र तो अक्काला काही बोलला नाही. घरी गेल्यावर कागद घेऊन बसला. नाक लिहावं, डोळे लिहावेत, काहीतरी लिहून टाकावं. चार दिवस रोज बसला. लिहायला लागला की प्रत्येक वेळी दादाचाच चेहरा लिहिला जाई, आणि तो फाडून टाकी.

६

पन्नास वर्षांच्या सभेला डॉक्टर कोट घालून आले होते. छापखानेवाल्यांनी स्मरणिकेच्या प्रती टेबलावर रचल्या होत्या, अजून शाई ओली. चिटणिसानं इतिहासाचं पान उघडून पाहिलं. दीपगृहवाल्याच्या नावाशेजारी रिकामी चौकट तशीच छापली होती.

“डॉक्टर, हजेरीआधी मला थोडं बोलायचंय,” चिटणीस म्हणाला.

“आधी हजेरी, मग बाकीचं! पन्नास वर्षांत मोडलं नाही, आज मोडता काय?”

“महत्त्वाचं आहे हो.”

“हजेरी संपायला दोन मिनिटं लागतात चिटणीस. घ्या वही.”

अक्कानं लांबून मान हलवली, घे म्हणून. तिची पर्स नेहमीसारखी शेजारच्या खुर्चीवर होती. चिटणीस दाराकडे पाठ करून बसला आणि वही उघडली.

डॉक्टर, हजर. छापखानेवाले, हजर. भूगोलाच्या बाई, हजर. अक्का, हजर. स्वतःच्या नावापुढे त्यानं खूण केली. मग परदेशस्थ. ग्रंथपालबाईंचं नाव घेतलं, भूगोलाच्या बाई उठल्या, “तर्फे हजर.”

त्यानं घसा साफ केला आणि दादाचं नाव घेतलं.

अक्का टेबलाला धरून उठली. पदर सावरला. तोंड उघडलं. आणि तिच्याआधीच त्याच्या पाठीमागून कुणीतरी दोनदा खाकरलं, दादा बोलायच्या आधी नेहमी खाकरायचा तसं, आणि म्हणालं, “हजर.”

जिन्यावर पाऊल वाजलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर चष्म्यावरून दाराकडे बघत होते. “या, या! अहो, या ना आत. उशीर झाला तरी हरकत नाही.” छापखानेवाले अर्धवट उठून नमस्कार करत होते. चिटणिसानं मागे पाहिलं नाही. त्याला मान वळवताच येईना. तो नुसता समोर, अक्काकडे बघत राहिला. तिला जे दिसत होतं ते त्याला तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. आधी ती घाबरली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ती हळूच हसली, लग्नाआधी हसायची तशी. तिनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

टेबलाच्या कडेनं कुणीतरी सावकाश गेलं. गार हवेचा पट्टा त्याच्या मानेवरून सरकला. खुर्ची कुरकुरली. चिटणिसानं मान खाली घातली आणि वहीवरून नजर उचलली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला टेबलाच्या पलीकडच्या टोकाला फक्त एक बाही दिसली, दादाच्या राखाडी कोटाची, आणि तिच्यावर अक्काचा हात.

वाईट काय झालं यात, असं त्याच्या मनात येऊन गेलं. खरंच आलं. भावाला बहीण भेटली, एवढंच तर झालं होतं.

“पुढचं नाव घ्या,” डॉक्टर म्हणाले.

यादीत एकच नाव उरलं होतं.

“पुढचं नाही,” चिटणीस म्हणाला. “ते नाव कमी करायचंय. डॉक्टर, ऐका माझं, तो माणूस नाहीये. मी बनवलाय. कधी नव्हताच तो.”

“काय बोलताय तुम्ही? अहो, असा सोहळ्याचा दिवस, पाहुणे आलेत…” डॉक्टरांनी वही स्वतःकडे ओढली. चिटणिसानं ती धरून ठेवली, तर त्यांनी हिसकावूनच घेतली. बोट फिरवत त्यांनी शेवटचं नाव शोधलं आणि खणखणीत आवाजात वाचलं.

“नको,” चिटणीस म्हणाला. “तुम्ही उठू नका. मी पाया पडतो तुमच्या.”

पण छापखानेवाले केव्हाच उठले होते. त्यांचा लाडका सभासद! ते छाती फुगवून, हसत, ओरडलेच, “तर्फे हजर!”

खाली जिन्याशी काठी वाजली.

पुन्हा काठी वाजली, मग एक पाय घासत वर आला, मग पुन्हा काठी. छापखानेवाल्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. “अरे वा,” ते म्हणाले. चिटणीस पायऱ्या मोजत होता. जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. त्याच्यासमोर स्मरणिका उघडी पडली होती आणि पानावर ती चौकट. त्यानं खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, चौकटीवर टेकवलं. एक डोळा तरी. काहीतरी. शाईचा नुसता एक डाग पडला आणि पसरत गेला.

काठी दाराशी येऊन थांबली.

डॉक्टर वहीतून मान काढून आता दाराकडे वळत होते. छापखानेवाले वळत होते. अक्का मात्र दाराच्या अगदी समोर, दादाचा हात धरून बसली होती. अजून रडत होती, अजून हसत होती, आणि आता कोण आलं म्हणून तिनं तेच प्रसन्न तोंड वर उचललं.

तीन वर्षं तिला धक्का बसू नये म्हणून त्यानं काय काय केलं होतं.

“अक्का,” तो ओरडला, “डोळे मीट!”